शेडातून बाहेर गेलेली चाल

साउंडच्या धंद्यात पहिल्यांदा शिकायचा असतो तो संशय. ऐकणं पुढे आपोआप येतं. गाणाऱ्याच्या तोंडातून निघालेला आवाज बॉक्सपर्यंत पोचायला मध्ये जोडच जोड असतात. माइक, त्याची वायर, वायरीच्या टोकाची पिन, मिक्सर, अँप्लिफायर, परत वायर, परत पिन. या सगळ्यांना करंट देणारा बोर्ड तर कायम दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. आवाज बंद पडला की यातला कुणी तरी एक चोर. पण चोर कुणाच्या तोंडावर लिहिलेला नसतो. मग एकेकाला बाजूला काढायचं. ही वायर काढ, दुसरी लाव. आला आवाज? म्हणजे हीच. नाही आला? म्हणजे ही साव, घाल जागेवर आणि पुढचीला धर. समोर माणसं शिट्ट्या मारत असतात, आयोजक कानाशी येऊन ‘काय झालं, काय झालं’ करत असतो, आणि आपण एकेका वायरीची चौकशी करत असतो.

वायरींच्या बाबतीत ही रीत मला अजून फसवून गेलेली नाही. माणसांवर वापरली तेव्हा काय झालं ते सांगायला बसलोय.

मी मूळचा पांढरकवड्याकडचा. आठवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे सुटली. पावसाळ्यात गेलो नाही आणि दिवाळीनंतर जायची लाज वाटली. गावातला एक जण दौंडला मंडप-साउंडच्या कामाला होता, त्याच्या मागं आलो. आईला फोनवर सांगितलं, मिक्सरवर बसतो. तिला वर्षभर वाटत होतं मी कुठल्या तरी हॉटेलात चटणी वाटतो. इकडं माझं ‘मले-तुले’ ऐकून पोरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव बदललं. गजानन गेला आणि ‘विदर्भ’ आला. ए विदर्भ, ती वायर धर. ए विदर्भ, चहा घे. अख्खा विदर्भ माझ्या एकट्याच्या अंगावर.

मला बँडमध्ये घेतलं संदीपनं. आमच्याकडं बँड म्हटलं की लोक विचारतात, ‘नवरदेव कुठनं काढायचाय?’ तसा हा बँड नव्हे. हा गिटार, बास आणि ड्रमवाला, स्वतःची गाणी स्वतः रचून म्हणणारा. संदीप वडगाव रासाईचा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन नदीकाठानं फिरायचे, वडिलांनी ऊस-कांदा लावला, आणि यानं गिटार घेतली. प्रज्ञा दौंडची, कुरिअरच्या ऑफिसात काम करणारी. तिचा आवाज जयंतीच्या कार्यक्रमांतून, उघड्यावर म्हणून म्हणून तयार झालेला. ती माइकपासून हातभर लांब उभी राहिली तरी माझ्या मिक्सरची सुई लाल खुणेवर जायची. बासही तीच वाजवायची. आणि ड्रमवर शिरूरचा विकी, रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टवर. एवढीच तीन माणसं.

त्यांची माझी गाठ शिरूरच्या एका हॉलमध्ये पडली. मी मंडपवाल्याच्या वतीनं बॉक्स घेऊन गेलो होतो. त्यांनी वाजवायला घेतलं आणि सगळ्यावर ‘हूंऽऽ’ असा आवाज चढला, भिंतीत भुंगा अडकल्यासारखा. हा आवाज म्हणजे बहुतेक अर्थिंगची भानगड. वायरी तपासत तपासत मी हॉलच्या मागं गेलो, तर अर्थिंगची वायर खड्ड्याजवळ तोडलेली, आणि तिच्यावर वॉचमनची बनियन वाळत घातलेली.

‘मामा, ही वायर तुम्ही काढली?’

‘मोकळीच व्हती की! नुस्ती जिमिनीत गेल्ती. म्हनलं, जिमिनीत वायरीचं काय काम?’

मी बनियन काढून त्यांच्या हातात दिली, वायर जोडली, वर तांब्याभर पाणी ओतलं. हूं गेला. संदीप बाहेर येऊन बघत होता. म्हणाला, ‘आमच्याबरोबर येतो का?’ मी विचारलं, ‘कुठं?’ तो म्हणाला, ‘ते अजून आमाला बी म्हाईत न्हाई.’ मी गेलो. इतकं खरं बोलणारा माणूस तोवर भेटला नव्हता.

त्या वेळी त्यांचा आवाज म्हणजे सगळं फाडून टाकणारा. संदीपच्या पायाशी पेडल असतात. पायानं दाबायच्या डब्या. एक दाबली की गिटारचा सूर मुद्दाम फाटतो, पत्र्यावरून खोरं ओढल्यासारखा. त्याला तो फाटका आवाजच पाहिजे असायचा. कासुर्डीजवळ एका ढाब्याच्या उद्‌घाटनाला आम्हाला कुणीतरी बोलावलं. दुसऱ्या गाण्यात मालक माझ्याजवळ आला. ‘मशीन फाटतंय तुमचं.’ मी म्हणालो, ‘शेठ, तो तसाच आहे.’ ‘आसं कसं? मी बोलावतो आमचा वायरमन.’ आणि खरंच, गाणं चालू असताना एक माणूस टेस्टर घेऊन संदीपच्या पायाशी उकिडवा बसला. संदीप त्याच्या डोक्यावरून गिटार वाजवतोय, आणि तो पेडलच्या डब्या उलट्या करून बघतोय. विकी हसून हसून ताल चुकला.

गाणी तेव्हा निम्मी हिंदी, दोन-तीन इंग्रजी. इंग्रजीत काय म्हणतात ते मला कळायचं नाही, आणि पुढं कळलं की विकीलाही कळायचं नाही.

सरावाला जागा नव्हती. दौंडात शेजारी तक्रार करत, शिरूरला विकीचे घरमालक. शेवटी संदीपच्या वडिलांनी, आप्पांनी, वडगाव रासाईच्या रानातली पोल्ट्रीची शेड दिली. कोंबड्यांत रोग येऊन गेल्यापासून ती मोकळीच होती. खाद्याच्या खोलीत मी राहायचं आणि सामान सांभाळायचं असं ठरलं. आप्पांनी मला किल्ली दिली आणि म्हणाले, ‘कोंबड्यांपरास तुमचा तरास कमी आसंल तर बरं.’ त्या खोलीला कोंडा-मक्याचा वास यायचा. मला तो आवडायचा. मंडपवाल्याकडं मी ताडपत्रीवर झोपत होतो. इथं माझ्या नावाची किल्ली होती, दाराशेजारच्या खिळ्याला लटकणारी. घरापासून इतक्या लांब आपल्याला कुणी किल्ली द्यावी याचं मला रोज आश्चर्य वाटायचं, आणि ती कधी परत मागतील याची रोज भीतीही. झोपायच्या आधी मी उठून उठून ती खिळ्याला आहे ना ते बघायचो.

रानातल्या शेडला वीज शेतीची. थ्री फेज आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात विकीला जमायचं नाही, म्हणून आमचा सराव दिवसपाळीचा. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि आमचे अँप्लिफायरही. बँडचं नावच त्यामुळं ‘आठ तास’ पडलं.

त्या शेडनं त्यांचा आवाज बदलला. पत्र्याखाली फाटका आवाज वाजवला की तो पत्र्याला धडकून परत यायचा आणि सगळ्याचा चिखल व्हायचा. प्रज्ञानं एकदा बास खाली ठेवला आणि म्हणाली, ‘संदीप, मी काय म्हणतेय ते मलाच ऐकू येत नाही. गाणं आहे की क्रशर?’ मग त्यानं हळूहळू पेडल कमी केले. दोन सुरांच्या मध्ये जागा सोडायला लागला. विकी काठ्यांऐवजी तारेचे ब्रश वापरायला लागला. शब्द मराठीत आले. आप्पा मात्र दारातून डोकावून एकच विचारायचे, ‘झालं का मशीन दुरुस्त?’

मग ते गाणं आलं. संदीपनं विकीच्या कारखान्याच्या बसवर केलेलं.

बस येते, बस जाते,
माझी जागा खिडकीपाशी.

साधी चाल, पण एकदा ऐकली की अंगाला चिकटायची. ‘खिडकीपाशी’ झालं की पुढं गिटार जोरात यायची, आणि त्यासाठी संदीपला एकाच वेळी दोन पेडल दाबावे लागायचे. त्या गडबडीत एक मात्रा रिकामी जायची. सरावात दर वेळी तिथं एवढासा खड्डा पडे. मी रेकॉर्डिंग करायचो त्यात तो खड्डा कापून टाकायचो. मला तो माझाच दोष वाटायचा, का कोण जाणे. लॅपटॉपातलं गाणं सरळ, गुळगुळीत.

पुण्यातले एक गृहस्थ नव्या बँडची गाणी काढत. त्यांना प्रज्ञानं दुसऱ्या गाण्यांचे तुकडे पाठवले होते. ते म्हणाले, एका रविवारी शेडवर येऊन ऐकतो, पण एक अट. गाणं कोरं पाहिजे. आधी कुठं वाजलेलं, कुणी ऐकलेलं नको. हे ऐकल्यापासून संदीप बदलला. रस्त्याच्या बाजूनं त्यानं पोत्यांची जाड भिंत केली. मागच्या बाजूला, रानाकडं, नुसती जाळीच ठेवली. वारा पाहिजे, आणि रानात ऐकणार कोण? सरावाच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल पाटीत, पाटी माझ्या खोलीत. विकी म्हणाला, ‘कंपनीत बी एवढी चेकिंग नाही भाई.’ आप्पा दारात आले की संदीप गाणंच थांबवायचा. स्वतःच्या बापाकडं तो असा बघायला लागला तेव्हा मी मान खाली घालून वायरी गुंडाळायचो.

रविवार जवळ आला असताना भांडगावला एका लग्नात मी बॉक्स घेऊन गेलो होतो. मंडपवाला माणूस कमी पडला की अजून बोलावतो, आणि त्याला मी नाही म्हणत नाही. पहिली भाकरी त्याची आहे. मी वायर गुंडाळत होतो आणि रस्त्यावरून बेंजो पार्टी आली. गाडीवर कर्णे, कीबोर्ड, ढोलकी, पुढं पोरं नाचताहेत. आणि कीबोर्डवर वाजत होतं ‘बस येते, बस जाते’.

आधी वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतंय. मग बघितलं, तर पोरं त्याच्यावर नाचत होती. कोरं गाणं! भांडगावात धुरळा उडवत होतं.

सांगावं की नको? सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, रेकॉर्डिंग कुणाकडं आहे? माझ्या एकट्याकडं. मी ठरवलं, आधी नीट विचार करू आणि मग सांगू. तेवढ्या विचारानं घात केला. त्या वरातीचा व्हिडिओ कुणीतरी स्टेटसला टाकला आणि तो फिरत विकीकडं आला. व्हिडिओत बेंजोच्या गाडीमागं, खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन, तोंड उघडं टाकून उभा होतो मी.

दुसऱ्या दिवशी तिघंही शेडवर आले. संदीपनं मोबाईल माझ्यासमोर धरला.

‘हा कोण?’

‘मी.’

‘आन् वाजतंय काय?’

‘आपलं गाणं.’

‘तवा सांगितलं का न्हाईस?’

मी म्हणालो, ‘मले वाटलं...’ घाबरलो की माझी भाषा परत पांढरकवड्याला जाते.

विकी म्हणाला, ‘बेंजोवाल्याला पेन ड्राइव्ह दिलास का? सीधा बोल.’

‘आईशपथ नाही.’

‘मग कुणी दिला? कोंबड्यांनी?’

प्रज्ञा विकीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ परत लावून ऐकत होती, माझ्याकडं बघतही नव्हती. ते मला जास्त लागलं. संदीपनं लॅपटॉप पिशवीत घातला, मग खिळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, ‘रविवारपतुर मंडपवाल्याकडं राहा.’

मी परत ताडपत्रीवर आलो, आणि डोकं धंद्याच्या रीतीनं चालायला लागलं. एकेकाला बाजूला काढ. विकी? त्याचा मावसभाऊ बेंजोत ढोलकी वाजवायचा. माझ्यावर सगळ्यात जास्त ओरडला कोण? विकी. प्रज्ञा? तिनं आधीच पुण्याला तुकडे पाठवले होते. हाही पाठवला असेल. आप्पा? शेड रिकामी करून परत कोंबड्या घालायच्या असतील. संदीपवरसुद्धा संशय घेतला, की याला गाणं विकायचंय आणि नाव माझं पुढं करायचंय. ज्या माणसानं मला किल्ली दिली त्याच्यावर, आणि त्याच्या ज्या मुलानं मला ताडपत्रीवरून उचललं त्याच्यावरही. वायर चोर नसली तर ती गुमान जागेवर परत जाते. माणूस मनातून एकदा काढला की जागेवर बसवायला वेळ लागतो. आजही विकीचा फोन आला की एक क्षण मला ते आठवतं, आणि तो बिचारा विचारत असतो, जेवलास का.

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी तो घ्यावा की नको यातच दोन वेळा वाजून गेला.

‘गजानन, तू तो व्हिडिओ नीट ऐकलास?’ ती एकटीच मला नावानं हाक मारायची.

‘मी तिथंच होतो.’

‘उभा होतास. ऐकलास का? खिडकीपाशीच्या नंतर बेंजोवाला थांबतो. एक मात्रा थांबतो आणि मग पुढं जातो.’

‘संदीपच्या पेडलचा खड्डा?’

‘तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे का तो?’

‘नाही. मी कापतो तो.’

‘मग रेकॉर्डिंगवरून ही चाल गेलीच नाही. कुणीतरी आम्हाला वाजवताना ऐकलंय, आणि एकदा नाही, खूपदा.’

मला रडू आलं. फोनवर ते तिला कळू नये म्हणून मी खोकलो. ती म्हणाली, ‘खोकून झालं असेल तर निघ. मी स्टँडवर आहे.’

बेंजोच्या मास्तरांना आम्ही त्यांच्या गाडीपाशीच गाठलं. शंकरमामा म्हणत त्यांना. संशयाने बघायची पाळी आता त्यांची होती. ‘काय, केस करायला आला का?’

प्रज्ञा म्हणाली, ‘नाही मामा, चाल कुठं मिळाली एवढंच सांगा.’

‘हळदीत. वडगाव रासाईला हळद व्हती, बायका म्हनत व्हत्या जात्यापाशी. आमी बायकांचं उचलतो, पिक्चरचं उचलतो, देवाचं बी उचलतो. कुनी केस करत न्हाई. चाल काय कुनाची बांधून ठिवलेली म्हैस हाय का?’

‘थांबता का मध्ये तुम्ही?’

‘मी कशाला थांबंल? बायकाच थांबत्यात तिथं. हं म्हनत्यात आन् मंग फुडं जात्यात.’

वडगाव रासाई. म्हणजे शेडापासून हाकेच्या अंतरावर. प्रज्ञानं संदीपला आणि विकीला बोलावून घेतलं. शेडपाशी जमलो तर मागून, जाळीच्या बाजूनं, बायकांचा गाण्याचा आवाज येत होता, म्हणून आम्ही तिकडनं रानात उतरलो. कांद्याची लागण संपत आली होती. वाफ्यात पाणी सोडलेलं, आणि ओल्या चिखलात ओळीनं बायका बसलेल्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं एकेक रोप टोचत मागं सरकताहेत. आणि म्हणताहेत:

पाणी येतं, पाणी जातं,
माझी जागा वाफ्यापाशी... हं!

‘हं’ला सगळ्या बायका एकदम उठून एक पाऊल मागं सरकल्या आणि परत बसल्या. संदीपच्या पायाच्या गडबडीनं पडलेल्या खड्ड्यात त्यांनी स्वतःचं पाऊल बसवलं होतं.

आम्ही चौघं बांधावर चिकटल्यासारखे उभे. मला सगळा उलगडा झाला. वीज यायची तेव्हाच आमचा सराव. वीज यायची तेव्हाच मोटार, मोटार चालली की वाफ्याला पाणी, आणि पाण्यातच लागण. आम्ही जेवढे दिवस शेडात वाजवलं तेवढे दिवस या इथंच बसलेल्या होत्या. रस्त्याच्या बाजूनं आम्ही पोती लावली आणि इकडं जाळी उघडी ठेवली, कारण रानात ऐकणार कोण!

या टोळीच्या पुढारीण लंकाबाई. त्यांनी मान वर करून बघितलं.

‘काय रं संदीप, आज मशीन बंद?’

संदीप म्हणाला, ‘लंकाकाकू, ह्ये गाणं तुमी कुठनं आणलं?’

‘आणलं म्हंजी? आमचंच हाय.’

‘तुमचं कसं? मी केलंय ते.’

‘व्हय का?’ त्यांनी कंबरेवर चिखलाचा हात ठेवला. ‘आमी हितं म्हनतो, आन् तू तिथं आत बसून मशीनवर वाजीवतो. आमी म्हनलं वाजीव बाबा, आप्पांचं पोर हाय. आता वर आमालाच इचारतो?’

बायका खदखदल्या. एक जण म्हणाली, ‘चोरलं तर चोरलं, नीट तरी वाजवा. किती पळिवताय! रोप तरी टोचून हुतंय का त्येवढ्यात?’

विकी माझ्या कानात म्हणाला, ‘भाई, ही तर उलटी केस झाली.’

संदीपचा चेहरा बघवत नव्हता. तो बांधावर बसला. मग म्हणाला, ‘काकू, बस आमची. पाणी तुमचं.’

‘आन् हं?’

‘हं बी तुमचा.’

‘मंग ठीक हाय,’ असं म्हणून त्या परत वाफ्यात बसल्या.

रविवारी पुण्याचे गृहस्थ आले. चांगला माणूस, पत्र्याची खुर्ची दिली तरी कुरकुर केली नाही. संदीपनं त्यांना गाणं ऐकवायच्या आधी सगळं सांगितलं. हळद, भांडगाव, वाफे. लपवलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. गृहस्थ हसले, पण मान हलवली. म्हणाले, ‘सुंदर आहे, पण हे मला घेता येणार नाही. उद्या कुणीही म्हणेल आमचं आहे.’ प्रज्ञा म्हणाली, ‘म्हणतातच की.’ त्यांनी आमची दुसरी दोन गाणी नेली. गाजायचं असतं तर हेच गाजलं असतं असं विकी अजून म्हणतो. त्याच्या बोलण्यात दम आहे.

गृहस्थांची गाडी वळली आणि मी माझी पिशवी उचलली. दौंडला परत जायला निघालो होतो. मला ‘राहा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. संदीपनं मागून हाक मारली.

‘ए गजानन, किल्ली कुठं ठिवली?’

मी वळून बघितलं. किल्ली परत खिळ्याला होती, माझ्या जागेवर. ती त्यालाही दिसत होती. मग तो म्हणाला, ‘बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर कुणाकडनं आणता यील? चिखलात करंट नको.’

मी पिशवी खाली ठेवली.

आधी बायकांना शेडात बोलावून बघितलं. येऊन ओळीनं उभ्या राहिल्या, पदर सावरले, माइककडं बघितलं आणि एकीच्याही तोंडातून आवाज निघेना. लंकाबाई म्हणाल्या, ‘हात मोकळं आसल्यावर काय म्हनायचं?’ म्हणून आम्हीच वाफ्यात गेलो. शेवटचा तुकडा राहिला होता लागणीचा. काठ्यांना माइक बांधले, वायरी बांधावरून नेल्या. संदीपनं साधी लाकडी गिटार घेतली, एकही पेडल नाही. विकीनं पत्र्याचा डबा आणि प्रज्ञानं चपला काढून चिखलात पाय. लय बायकांची. रोप टोचून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढी. ‘बस’चं कडवं प्रज्ञा म्हणायची, ‘पाणी’चं बायका, आणि ‘हं’ सगळ्यांचा.

आज ‘आठ तास’चं कुठलंही गाणं ऐका, त्यात कुठे ना कुठे एक मात्रा रिकामी सोडलेली असते. पुण्यातली पोरं तिची वाट बघत उभी असतात आणि बरोबर तिथं ‘हं’ म्हणतात. बेंजोवाले शंकरमामा आता आमच्याकडून चाली घेतात आणि सांगूनही घेतात.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी खोलीत बसून हेडफोनवर ऐकलं आणि मध्येच थांबवून परत मागं नेलं. सगळ्याच्या मागं, अगदी बारीक, ‘हूंऽऽ’. शिरूरच्या हॉलसारखा. पण इथं तर बॅटरी होती, विजेचा संबंधच नाही. मी रीतीप्रमाणं सुरू केलं. पहिला माइक बंद करून ऐकलं. हूं आहेच. दुसरा बंद. आहेच. हेडफोनची वायर बदलली, पिन घासली. शेवटी फक्त बांधाच्या टोकाचा माइक उरला, जिथून वाफ्याला पाणी फिरवत होते. तो बंद केला आणि हूं गेला.

तो एकटा चालू करून ऐकला. आधी पाण्याची खळखळ, चिखलात फावडं मारल्याचा आवाज. आणि मग, लय किंचित मागं-पुढं, पण सूर अगदी बरोबर धरून, तोंड मिटून गाणं गुणगुणत आप्पा वाफ्यांची दारं धरत, पाणी वळवत होते.

प्रज्ञानं विचारलं, ‘सापडला का चोर?’

मी हेडफोन तिच्या कानाला लावला. तिनं ऐकलं, आणि तो संदीपच्या कानाला लावला. संदीप ऐकत राहिला. बाहेर आप्पा नेहमीसारखे दारात आले आणि म्हणाले, ‘झालं का मशीन दुरुस्त?’

‘व्हय आप्पा,’ संदीप म्हणाला, ‘झालं.’

तो हूं मी कापला नाही.